चष्म्याचा खर्च विम्यात का बसत नाही?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक नातेवाईक चष्म्याचे बिल घेऊन आमच्या विमा कक्षात येतात आणि ते मंजूर होणार नाही हे कळताच व्यथित होतात. त्यांची व्यथा आम्ही जाणतो. म्हणूनच त्यामागील कारण येथे विशद करीत आहोत.

आरोग्य विमा हा मुख्यत्वे रुग्णालयातील उपचारांसाठी असतो. २०२० साली सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित योजनेत मोतीबिंदूसाठी २४ महिन्यांची प्रतीक्षा ठेवण्यात आली. शिवाय प्रत्येक डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती मर्यादा घालण्यात आली. डोळ्यात बसविलेले भिंग शस्त्रक्रियेच्या खर्चात धरले जाते. चष्मा मात्र सर्वसाधारणपणे वगळलेला असतो.

तथापि, नेहमीच्या भिंगाने दूरचे स्पष्ट दिसू लागले तरी वाचनासाठी बहुधा चष्मा लागतोच. त्याचा नंबर स्थिर होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी घाईने केलेला चष्मा बदलावा लागल्यास तो भुर्दंड कुटुंबावरच पडतो. यास्तव अंतिम तपासणीनंतरच चष्मा करावा आणि दुकानात फ्रेम, काच व कोटिंग यांचे दर स्वतंत्रपणे विचारून घ्यावेत, ही विनंती.

देणगीदारांस नम्र निवेदन असे की, शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून भागला तरी चष्म्यावाचून पोथीतील अक्षर किंवा औषधावरील तारीख वाचता येत नाही. गरजू रुग्णाच्या चष्म्यासाठी आपण दिलेली रक्कम नेमकी हीच उणीव भरून काढते.