स्पर्धेतून काउंटरपर्यंत

विद्यार्थ्यांसाठीची ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ २०१७ मध्ये सुरू झाली. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी आणि सॉफ्टवेअर गटाच्या अंतिम फेरीत सलग ३६ तास काम. फक्त बँकिंगचं पाहायचं तर रिझर्व्ह बँकेची ‘हार्बिंजर’ आहे. ती विद्यार्थ्यांपुरती मर्यादित नाही. २०२१ मध्ये विषय होता डिजिटल पेमेंट, २०२३ मध्ये सर्वसमावेशक सेवा.

२०२४ चे प्रश्न जास्त जमिनीवरचे. एक होता दृष्टिहीनांना नोट ओळखता येण्याचा. शंभरच्या नोटेच्या कडांना चार तिरप्या उठावदार रेषा असतात, पाचशेच्या नोटेला पाच. पण बाजारात फिरून नोट मऊ पडली की हा उठाव बोटाला लागतच नाही. कॅमेऱ्याने नोट ओळखणारं ‘मनी’ अ‍ॅप २०२० पासून आहे, तरी प्रश्न सुटलेला नाही असाच याचा अर्थ.

दुसरा प्रश्न ‘म्यूल’ खात्यांचा. फसवणुकीचा पैसा अशा खात्यांतून पुढे सरकवला जातो. थोड्या पैशांसाठी आपलं खातं भाड्याने देणाऱ्यांत कॉलेजची मुलंही सापडतात. तेव्हा हा डाव त्यांच्याच वयाच्या मुलांना लवकर ओळखता यावा! रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने यासाठी ‘म्यूलहंटर’ ही यंत्रणाही केली आहे.

स्पर्धेच्या मंचावर चाललेला नमुना बँकेच्या कोअर बँकिंगला, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीला, जोडणं मात्र अवघड. मोजक्या ग्राहकांवर चाचणी घेता यावी म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये ‘रेग्युलेटरी सँडबॉक्स’ची चौकट आखून दिली.