लांबीचं बळ, लांबीचंच दुखणं

१० गिगाहर्ट्झच्या रडारच्या दिशेने एखादा माणूस चालत आला, तर परतणाऱ्या लहरीची फ्रिक्वेन्सी जेमतेम १०० हर्ट्झने सरकते. आसपासच्या इमारती-डोंगरांवरून परतणारी लहर मात्र न सरकलेली आणि कितीतरी जोरकस असते. रडारची मूळ लहरच किंचित थरथरत असेल, तर ती १०० हर्ट्झची खूण त्या थरथरीत बुडून जाते. या थरथरीला फेज नॉइज म्हणतात. तो कमी करण्याचा एक नामी मार्ग काचेच्या तंतूतून जातो.

कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत स्टीव्ह याओ आणि लुट मलेकी यांनी १९९०च्या दशकात ऑप्टोइलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर उभा केला. १९९६ साली त्याचं सविस्तर गणित मांडलं. लेसरचा प्रकाश मॉड्युलेटरमधून काही किलोमीटर फायबरमध्ये जातो, फोटोडिटेक्टर त्याचा पुन्हा विद्युत संकेत करतो, अॅम्प्लिफायर आणि फिल्टरमधून तो संकेत परत मॉड्युलेटरला मिळतो. मांडवातला माइक स्पीकरसमोर धरला की जी शीळ घुमते, तेच तत्त्व इथे शिस्तीत राबवलेलं असतं.

फरक पडतो तो फायबरच्या लांबीमुळे. एका किलोमीटरला प्रकाश सुमारे ५ मायक्रोसेकंद घेतो. हा विलंब दुप्पट केला की, बाकीचे दोष आड येत नाहीत तोवर, फेज नॉइज ६ डेसिबलने उतरतो. १० गिगाहर्ट्झचा संकेत तांब्याच्या केबलमध्ये काही मीटरांतच निम्मा होतो. चांगल्या फायबरमध्ये प्रकाश निम्मा व्हायला सुमारे १५ किलोमीटर लागतात. ओईवेव्ह्ज या मलेकींच्या कंपनीने २००८ साली १६ किलोमीटर फायबर वापरून १० गिगाहर्ट्झपासून ६ किलोहर्ट्झ अंतरावर उणे १६३ डीबीसी प्रति हर्ट्झ इतका कमी नॉइज नोंदवला.

पण लांबी फुकटात काही देत नाही. ४ किलोमीटरच्या लूपमध्ये दर ५० किलोहर्ट्झला एक फ्रिक्वेन्सी बसते आणि काही मेगाहर्ट्झ रुंदीचा फिल्टर अशा कित्येक फ्रिक्वेन्सी एकदम आत घेतो. त्यावर याओ-मलेकींनीच तोड काढली: लांब लूपला आखूड लूपची जोड. दोन्हींत बसेल तीच फ्रिक्वेन्सी टिकते. आखूड लूपपायी नॉइज थोडा वाढतो, तेवढं सोसावं लागतं. शिवाय लांब फायबरमध्ये प्रकाशाची शक्ती वाढवली, की ब्रिलुआँ विकिरणामुळे तो मागे फिरू लागतो.

सर्वांत चिवट दुखणं तापमानाचं. एका अंशाने फायबर तापलं की त्यातला विलंब दशलक्षात सुमारे ७ भागांनी बदलतो. म्हणजे १० गिगाहर्ट्झला ७० किलोहर्ट्झची घसरण; शेजारच्या फ्रिक्वेन्सीपर्यंतच्या अंतरापेक्षाही जास्त! क्षणभरापुरता अत्यंत शुद्ध असलेला हा ऑसिलेटर तासाभरात भलतीकडेच गेलेला असू शकतो. म्हणून रीळ तापनियंत्रित पेटीत ठेवतात, कंपनांपासून जपतात आणि वर ऑसिलेटरला क्वार्ट्झसारख्या स्थिर संदर्भाशी लॉक करतात.

खरी कसोटी या लॉकमध्येच लागते. १०० मेगाहर्ट्झचं क्वार्ट्झ १० गिगाहर्ट्झपर्यंत गुणत नेलं की त्याचा नॉइज ४० डेसिबलने वाढतो. लॉक घट्ट ठेवला तर हा नॉइज फायबरने कमावलेल्या शुद्धतेत शिरतो. सैल ठेवला तर घसरण आवरत नाही. त्यामुळे संथ बदलांपुरतं क्वार्ट्झचं ऐकायचं आणि झटपट बदलांची जबाबदारी फायबरवर सोडायची. ही सीमारेषा नेमकी कुठे आखायची, यावरच इंजिनिअरचा हात ओळखला जातो.