वाघ जड की शेळ्या?

‘वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो’ अशी म्हण आपण सर्वांनीच ऐकली आहे. आमच्या जव्हार-मोखाडा भागात वाघ हा नुसता जनावर नसून देव आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा गुराखी त्याची पूजा करतात आणि वर्षभर गुरेवासरे सांभाळ म्हणून त्याला विनवतात. परंतु या लेखात मी ज्या वाघाविषयी लिहिणार आहे तो खडकावर कोळशाने आखलेल्या पटावरचा वाघ आहे. चार मोठे खडे म्हणजे वाघ आणि वीस चिंचोके म्हणजे शेळ्या. एवढ्या भांडवलावर आमच्या पाड्यातल्या मुलांचे बालपण गेले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पटावर पाच ओळींत पाच-पाच अशी पंचवीस घरे असतात. घर म्हणजे रेघा जिथे मिळतात तो ठिपका. आडव्या-उभ्या रेघा सर्व घरांना जोडतात, तिरप्या रेघा मात्र एक आड एक घरातूनच जातात. चार वाघ चार कोपऱ्यांत बसतात. शेळीवाला प्रत्येक खेपेस एक शेळी रिकाम्या घरात ठेवतो आणि वाघवाला एक वाघ हलवतो. वाघाच्या शेजारी शेळी असेल आणि तिच्या पलीकडचे सरळ रेषेतले घर मोकळे असेल, तर वाघ उडी मारून तिला खातो. विसाच्या वीस शेळ्या पटावर येईपर्यंत एकही शेळी जागची हलू शकत नाही. पाच शेळ्या गेल्या की वाघ जिंकला. चारही वाघांची कोंडी झाली की शेळ्या जिंकल्या.

आता मुख्य प्रश्न. हा डाव बरोबरीचा आहे काय? माझी धाकटी बहीण मला नेहमी म्हणते, “दादा, तू वाघ घेतोस म्हणून जिंकतोस.” तिच्या बोलण्यात तथ्य आहे. आमच्याकडे वाघ मोठ्याने घ्यायचे आणि शेळ्या लहानाला द्यायच्या, हा अलिखित नियम आहे. दिवाळीनंतर पाड्यातली बरीच घरे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. तेथेही पोरे कोळशाने पट आखतात, आणि तेथेही हाच नियम चालतो. कॉलेजच्या वसतिगृहात आलो तर पहिल्या वर्षाच्या मुलांची तीच तक्रार! चार-पाच वेळा हरली की ती उठून जातात. मागच्या पावसाळ्यात एकाने सूचना केली की एक वाघ कमी करावा, म्हणजे न्याय होईल. या सूचनेवर बरेच दिवस वाद झाला आणि त्यातूनच मला हा लेख सुचला.

प्रथम साधा हिशेब करू. चार आणि वीस मिळून चोवीस होतात. घरे आहेत पंचवीस. म्हणजे एकही शेळी न गमावता सर्व शेळ्या मांडून झाल्या, तर संपूर्ण पटावर फक्त एक घर रिकामे उरते! एका घरात चार वाघांनी काय म्हणून उड्या माराव्यात? खेळ ज्याने कोणी रचला त्याने हे आकडे सहज ठेवले असतील असे मला वाटत नाही. शिवाय एक शेळी मेली की नुकसान दुहेरी होते. पहारा करणारी एक कमी झाली, आणि वाघाला उतरायला एक घर जास्त झाले. पाचवी शेळी जाते तेव्हा पटावर सहा घरे मोकळी असतात, आणि मग वाघाला कोंडण्याची आशा जवळजवळ सुटते. पाच या आकड्यावर डाव का संपवतात ते येथे कळते.

दुसरी गोष्ट घरांची. सगळी घरे सारखी नाहीत. मधल्या घरातून चार रेघा जातात, त्यामुळे तेथे ठेवलेली शेळी आठ दिशांनी मारली जाऊ शकते. काठावरच्या शेळीवरून फक्त काठाच्या रेघेनेच उडी पडते, म्हणजे मरण दोनच दिशांनी. कोपऱ्यातल्या शेळीला तर कोणी मारूच शकत नाही, कारण तिच्या पलीकडे घरच नाही. नवखा खेळाडू पहिली शेळी हौसेने मध्यभागी ठेवतो. जाणता माणूस ती काठाच्या बरोबर मधल्या घरात ठेवतो. समजा, वाघ कोपऱ्यातून सरकून तिच्या शेजारी आला, तर तिच्या पलीकडचे घर दुसऱ्या शेळीने भरायचे. आता पाठीला पाठ लागली, पहिली वाचली. या दुसऱ्या शेळीच्या शेजारी पलीकडच्या कोपऱ्यातला वाघ आहे खरा, पण त्याच्या उडीच्या जागी पहिलीच शेळी उभी आहे. म्हणून तीही वाचली. शेळीचे बळ तिच्या स्वतःत नसून तिच्या मागच्या शेळीत असते. माझा आजा शाळेची पायरी चढला नाही, पण शेळ्या त्याने जन्मभर राखल्या. तो म्हणायचा, “वाघाला भूक पुरते, शेळीवाल्याला ध्यान लागते.”

तिसरी गोष्ट वेळेची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डावाच्या आरंभी पट मोकळा असतो, शेळ्या थोड्या आणि जखडलेल्या असतात. तो काळ वाघाचा. पट भरत जातो तसे वाघाचे रान आटत जाते. म्हणजे एकाचे बळ घटत आणि दुसऱ्याचे वाढत जाते, आणि मध्ये कोठेतरी दोघे एकमेकांना ओलांडतात. त्या ओलांडण्यापूर्वी पाच मारायच्या की नाही, हाच सारा खेळ!

हाच पेच परदेशातल्या एका प्रसिद्ध खेळातही आहे, हे मला मुंबईला शिकणाऱ्या एका मित्राकडून कळले. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. मेजाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि सर्वांनी मिळून काल्पनिक मोहिमेवर निघायचे, असे त्याचे स्वरूप आहे. आरंभी पात्रांचे तीन वर्ग होते: योद्धा, मांत्रिक आणि धर्मगुरू. चोर हा वर्ग १९७५ साली आला. मांत्रिक सुरुवातीला अगदी दुबळा. दिवसाला एक मंत्र, तो संपला की बिचारा योद्ध्याच्या पाठीशी लपतो. पण पुढे अनुभव वाढला की तोच सर्वांना भारी होतो आणि योद्धा नुसती तलवार फिरवत राहतो. खेळ रचणाऱ्यांनी यावर उपाय म्हणून बढतीचे दर निरनिराळे ठेवले. दुसऱ्या पायरीवर जाण्यास योद्ध्याला २,००० गुण लागत, मांत्रिकाला २,५००, धर्मगुरूला १,५००, आणि चोराला फक्त १,२००. जो पुढे भारी होणार त्याने सुरुवातीला जास्त मोजावे, असा तो विचार असावा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हे दर सर्वांना सारखे केले. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत तर प्रत्येक वर्गाच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या. तेव्हा कित्येक खेळाडूंनी उलटीच तक्रार केली की आता सगळी पात्रे एकसारखी वाटतात! २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत तो साचा सोडून दिला गेला. मला वाटते, चार वाघांच्या जागी वीस शेळ्याच ठेवल्या तर डाव अगदी समान होईल, पण खेळायला कोण बसेल?

आता बहिणीच्या आरोपाकडे वळतो. पंचवीस घरांचा हाच पट नेपाळात ‘बाघचाल’ या नावाने खेळतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी त्याचा संगणकावर छडा लावला. दोन्ही बाजूंनी बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे पट निर्दोष आहे. पण बिनचूक खेळतो कोण? वाघवाल्याला एक उडी दिसली की भागते. शेळीवाल्याला प्रत्येक शेळी ठेवताना चारही वाघांच्या उड्या पाहाव्या लागतात. कागदावर बरोबरी असली तरी शिकाऊ हातांत वाघ जड जातो. तेव्हा बहिणीचे म्हणणे खरेच, दोष पटाचा नसून पाळीचा आहे. वाघ कायम एकाकडेच राहिले तर दुसऱ्याला शेळ्या राखायला शिकण्याआधीच कंटाळा येणार.

एक वाघ कमी करण्याची सूचना मात्र मला पटत नाही. दक्षिणेत तीन वाघांचा खेळ आहे. तमिळमध्ये त्याला ‘आडु पुली आट्टम्’ म्हणतात. पण तेथे शेळ्या पंधरा असतात आणि पटही निराळा, त्रिकोणी असतो. तेथे तीन वाघ शोभतात. आपल्या पटावरून एक वाघ उचलला तर एक कोपरा आरंभापासूनच शेळीला आंदण मिळतो आणि पंचविसाचा तो सुंदर हिशेब मोडतो.

त्यापेक्षा मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, नेहमी दोन डाव खेळावेत आणि बाजू बदलाव्यात. वाघ घेऊन ज्याने जास्त शेळ्या मारल्या तो जिंकला. दुसरी, जाणता खेळाडू नवख्याविरुद्ध वाघ घेत असेल तर त्याने पाचऐवजी सात शेळ्या माराव्यात. पट तोच, सोंगट्या त्याच, फक्त किंमत बदलली. दिवाळीच्या सुट्टीत घरी हा प्रकार करून पाहिला. बाजू बदलून खेळलेल्या पहिल्याच जोडीत बहिणीने माझ्या चार शेळ्या खाल्ल्या आणि मी तिच्या तीनच!

वसतिगृहात सध्या सातचा डाव चालू आहे. वाघ घेणाऱ्यांची आता तक्रार आहे की सात फार होतात, सहा करा. पहिल्या वर्षाची मुले सातला हटून बसली आहेत. अजून एकमत झालेले नाही.