छाती न उघडता हृदयातली 'गळती' कशी बंद करतात?

मागच्या वर्षी माझ्या मामेबहिणीच्या सहा वर्षांच्या मुलीच्या इको रिपोर्टवर 'कोरोनरी फिस्टुला' असं लिहून आलं. ताईचा पहिला प्रश्न, "छाती उघडावी लागेल का रे?" मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे कळलं, ते सोप्या भाषेत सांगतो.

फिस्टुला म्हणजे काय?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना कोरोनरी म्हणतात. क्वचित एखाद्याची अशी धमनी जन्मापासूनच थेट हृदयाच्या कप्प्यात किंवा दुसऱ्या रक्तवाहिनीत उघडते. ठिबकची नळी मध्येच फुटली की पुढच्या झाडांना पाणी कमी पडतं ना, तसंच! गळती लहान असेल तर बहुतेक वेळा त्रास होत नाही, फक्त अधूनमधून तपासणी करतात. मोठी असेल तर धाप लागते, हृदयावर ताण येतो.

मग बंद कशी करतात?

जांघेतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयापर्यंत नेतात. तिची जाडी 'फ्रेंच' या मापात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. डाय सोडला की एक्स-रेच्या स्क्रीनवर चुकीची वाट दिसते. तिथे कॉइल किंवा प्लग बसवतात. प्लग बहुधा निटिनॉलच्या, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या तारेच्या जाळीचा असतो. नळीतून दाबून नेला तरी बाहेर पडताच तो मूळ आकारात फुलतो. त्यात रक्त गोठतं आणि वाट बंद होते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथेही टेस्टिंग आणि रोलबॅक आहे! बऱ्याचदा आधी छोटा फुगा फुगवून वाट तात्पुरती बंद करतात आणि ईसीजी बिघडतोय का ते बघतात. प्लग नीट बसला नाही, तर केबलवरून सोडण्याआधी परत नळीत ओढता येतो.

धोका नाही का?

आहे. प्लग सरकू शकतो. चांगली फांदी बंद झाली तर हार्ट अटॅक येऊ शकतो. वाट फार वळणाची असेल किंवा अनेक वाटा असतील, तर ऑपरेशनच बरं पडतं. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारा: बंद करणं खरंच गरजेचं आहे का? आणि गळतीच्या आसपास चांगल्या फांद्या कुठे आहेत?

आमची छोटी तिसऱ्या दिवशी घरी आली. टाका एकही नाही. तपासण्या मात्र अजून चालू आहेत, आणि त्या चुकवायच्या नाहीत.