लपवलेला कॉलम कुठेही गेलेला नसतो

सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल शीट घ्या. ए मध्ये फ्लॅट नंबर, बी मध्ये नाव, सी मध्ये मोबाइल, डी मध्ये थकबाकी, ई मध्ये पार्किंगचे पैसे. शीट ग्रुपवर टाकायची आहे, पण मोबाइल नंबर सगळ्यांना कशाला? सेक्रेटरी सी वर राइट क्लिक करतात. मेनूत ‘डिलीट’ही आहे आणि ‘हाइड’ही. कुठलंही दाबलं तरी नंबर दिसेनासे होतात. खूण उरते ती फक्त वरच्या अक्षरांत: हाइड केलं असेल तर बी नंतर थेट डी येतो. पण ती अक्षरं वाचत बसतो कोण!

ग्रुपवरचा कुणीही बी आणि डी एकत्र सिलेक्ट करून ‘अनहाइड’ म्हणाला की सगळे नंबर परत हजर. नोव्हेंबर २०१६ मध्ये बोइंगच्या एका कर्मचाऱ्याने मांडणी जमेना म्हणून एक शीट घरी, आपल्या जोडीदाराला ईमेल केली. त्या शीटच्या लपवलेल्या कॉलममध्ये जवळपास ३६,००० सहकाऱ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारखा होत्या.

यात वापरणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण सवय लावली कुणी? विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये हेडिंगवर राइट क्लिक करून ‘टाइप’समोरची खूण काढली की कॉलम जातो, फाइलला मात्र धक्काही लागत नाही. तिथे कॉलम म्हणजे नुसती बघायची सोय. एक्सेलमध्ये तो खुद्द माल.

मग सरळ डिलीटच करावं? तिथेही गोम आहे. एखाद्या फॉर्म्युल्यात सी चा थेट उल्लेख असेल तर ‘रेफ’ची एरर येते, आणि ती आलेली बरी, कारण ती दिसते. खरा घात करतो व्हीलुकअप. फ्लॅट नंबर शोधून ‘चौथ्या कॉलममधला आकडा आण’ असं त्याला सांगून ठेवलेलं असतं. सी उडाला की चौथ्या जागी पार्किंगचे पैसे येतात आणि थकबाकी म्हणून तेच छापले जातात, एका अक्षराची तक्रार न करता. एक्सेल २०२१ पासून मिळणाऱ्या एक्सलुकअपमध्ये कॉलमचा क्रमांक न देता कॉलमच दाखवता येतो, त्यामुळे ही फसगत टळते.

पाठवायच्या शीटसाठी नको ते कॉलम हाइड करून बाकीचा भाग निवडावा आणि ऑल्ट व अर्धविराम एकत्र दाबावेत, म्हणजे फक्त दिसणारेच सेल निवडले जातात. ते कॉपी करून नव्या फाइलमध्ये नुसत्या व्हॅल्यू म्हणून पेस्ट करावेत. नुसतं वाचायलाच द्यायचं असेल तर पीडीएफ पुरते. ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ ही सोयही लपवलेले कॉलम हुडकून कायमचे काढते. पण त्यांवर अवलंबून असलेली गणितं त्याबरोबर बिघडू शकतात आणि ते अनडू होईलच याची खात्री नसते, म्हणून ती चालवायची तर कॉपीवरच.