नगरला फक्त चहाच?

शनिवारी सकाळी पुण्याहून शिर्डीला निघालेल्या गाड्या नगरमध्ये काय करतात? बायपास पकडतात. अगदीच भूक लागली तर चहा, वडापाव, आणि चला पुढे! ट्रेकवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तेही नगर जिल्ह्यातच येतात, पण अकोले तालुक्यात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, रतनगडाचं नेढं, पाठीवर सॅक, सोमवारी ऑफिसात दुखणाऱ्या पोटऱ्या. सगळं एकदम सही. पण खुद्द नगर शहरातला भुईकोट किल्ला? तो कुणाच्याच वीकेंड लिस्टवर नसतो.

आमच्या ग्रुपमधल्या एका अट्टल ट्रेकरला कारण विचारलं. ‘त्यात चढायचं काय? सपाट जमिनीवरचा किल्ला तो!’ हे झालं बोलून दाखवायचं कारण. न बोलायचं दुसरं कारण असं, की तो किल्ला महाराजांचा नाही, निजामशाहीचा आहे. म्हणजे ‘आपला’ नाही. या दुसऱ्या कारणाकडे येऊच. आधी किल्ला.

मलिक अहमद निजामशाहाने १४९० मध्ये इथे शहर वसवलं. किल्ला आधी मातीचा होता. त्याच्या नातवाने, हुसेन निजामशाहाने, १५५९ ते १५६२ या काळात तो दगडात बांधून काढला. डोंगरी किल्ल्याचं निम्मं काम सह्याद्रीने आयतं करून ठेवलेलं असतं. इथे कडा नाही, दरी नाही, जे काय करायचं ते माणसानेच. म्हणून किल्ल्याचा आकार जवळपास गोल, शत्रूच्या तोफांना सोपा कोपराच सापडू नये असा. तटाचा घेर दीड-पावणेदोन किलोमीटर, त्यात वीसहून जास्त बुरूज, भोवती तीसेक मीटर रुंदीचा खंदक. खंदकापलीकडे मातीचा उतरता भराव, त्यामुळे लांबून तट पुरता दिसतही नाही. जवळ जावं आणि एकदम समोर भिंत! हा फंडा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि तोफा? विजापूरच्या बुरुजावर ती प्रसिद्ध अजस्र मुलूख-मैदान तोफ आहे ना, ती १५४९ मध्ये नगरला ओतलेली. विजापूरला जाऊन तिच्यासमोर फोटो काढणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

हुसेनची मुलगी चांदबीबी. विजापूरच्या अली आदिलशाहाची ती बायको. नवरा गेल्यावर तिने आधी विजापूरचा कारभार सांभाळला आणि नंतर ती माहेरी परतली. १५९५च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन नगरवर आला, तेव्हा किल्ल्यात सूत्रं तिच्याच हाती होती. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही आतल्यांनी शोधून निकामी केले, पण एक उडालाच. तटाला मोठं खिंडार पडलं. ती स्वतः खिंडारापाशी उभी राहून लढली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली, ही गोष्ट नगरमध्ये आजही ऐकायला मिळते. दारूगोळा संपला तेव्हा तोफांतून नाणी डागली, असंही सांगतात. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना देऊन तह झाला. किल्ला वाचला.

इथपर्यंत शाळेत असतं. पुढचं मात्र बहुतेकांना माहीत नसतं. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले. आता निभाव लागणार नाही हे ओळखून ती वाटाघाटींचा विचार करत होती. त्यावर ‘बाई फितूर झाली’ अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. थोड्याच काळात किल्ला पडला. लढली तेव्हा डोक्यावर घेतलं आणि हिशेब मांडून बोलायला लागली तेव्हा गद्दार ठरवलं! तटावरून फिरताना हे आठवलं, की खरं सांगते, नुसतं ‘वॉव’ म्हणून पुढे जाता येत नाही.

आता ते ‘आपला-त्यांचा’ प्रकरण. महाराजांचे आजोबा मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. नगरमध्ये शाह शरीफांचा दर्गा आहे. मालोजींना मूल होत नव्हतं, तेव्हा इथल्या पिराला नवस बोलला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि विजापूरची फौज, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा मलिक अंबर. हबशी, मूळचा आफ्रिकेतला गुलाम. त्याने तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि लढाई जिंकली. त्याच्या बाजूने लढले शहाजीराजे. शरीफजी तिथेच पडले. आता सांगा, हा किल्ला कुणाचा? ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ असे दोन कप्पे करून नगर बघायला गेलात तर पहिल्या दिवशीच गोंधळ उडेल.

पुढे हैदराबादच्या निजामाकडून १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला. लढाईने नाही, किल्लेदाराला पैसे चारून! मग शिंद्यांकडे गेला आणि ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला. घेणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

बाहेरच्यांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून बांधलेली ही भिंत नंतर आतल्यांना बाहेर जाऊ द्यायचं नाही म्हणून फार कामाला आली. १७९७च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नाना फडणवीसांना पकडून इथेच ठेवलं होतं. इंग्रजांनी बोअर युद्धातले कैदी नगरला आणले. आणि ९ ऑगस्ट १९४२! ‘चले जाव’चा ठराव झाला आणि पहाटे मुंबईत धरपकड सुरू झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, शंकरराव देव अशा नेत्यांची गाडी नगरला आली. कुठे ठेवलंय हे सुरुवातीला देशाला कळूही दिलं नव्हतं.

हा नेता कक्ष चुकवू नका. साध्या, बुटक्या खोल्यांची रांग आहे, भव्यदिव्य काही नाही. इथे नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. पाच महिने! आपण इथे एक प्रेझेंटेशन महिनाभर घोळवतो. पण मला जास्त भिडले ते आझाद. ते पहाटे उठून स्वतःचा चहा करायचे आणि एका मित्राला उर्दूत पत्रं लिहायचे, जी तुरुंगातून पाठवता येणारच नव्हती. तीच पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडण आणि मग दोस्ती, यावर त्यात अख्खा मजकूर आहे. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांची पत्नी वारली. ते इथेच होते. त्या खोल्यांसमोर उभं राहिल्यावर ‘आत’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

प्रॅक्टिकल गोष्टी. पुण्याहून नगर साधारण १२० किलोमीटर. एसटी भरपूर आहेत, स्टँडवरून रिक्षाने किल्ला जवळच आहे. किल्ल्याचा ताबा लष्कराकडे आहे, त्यामुळे ओळखपत्र हवंच. प्रवेशाचे आणि फोटोंचे नियम बदलत असतात, निघण्याआधी चौकशी करा आणि गेटवरच्या जवानाशी हुज्जत घालू नका. लष्कराचंच रणगाडा संग्रहालयही नगरमध्ये आहे, १९९४ पासून. गाडी असेल तर संध्याकाळी पाथर्डी रस्त्याने ‘चांदबीबीच्या महाला’कडे जा. गंमत म्हणजे तो महालही नाही आणि चांदबीबीचाही नाही. निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची ती अष्टकोनी, तीन मजली कबर. डोंगरावर आहे, तेव्हा ‘चढायचं काय?’ म्हणणाऱ्या मित्रालाही सोबत न्यायला हरकत नाही.

हो, आणि फलकांवर आता ‘अहिल्यानगर’ दिसेल. २०२४ मध्ये नाव बदललं. कंडक्टरला मात्र ‘एक नगर’ म्हटलं तरी तिकीट मिळतं.