छोट्या स्थळचित्रातून मोठे निसर्गचित्र

प्रत्यक्ष जागेवर बसून तैलरंगात केलेले छोटे चित्र म्हणजे त्या वेळच्या उजेडाची नोंद. सूर्य सरकला की सावल्या सरकतात, म्हणून ते दीड-दोन तासांत पुरे करावे लागते. उदाहरणार्थ, वऱ्हाडातल्या बार्शीटाकळीचे कालिकादेवी मंदिर काळ्या दगडाचे. तरी सकाळच्या उन्हात अशा दगडावर तपकिरी, पिवळसर झाक येते आणि सावलीतला भाग आभाळाच्या उजेडाने निळसर होतो. फोटोत तोच भाग पुष्कळदा काळा ठिक्कर येतो. म्हणून रंगांसाठी छोट्या चित्रावर आणि आकारांसाठी पेन्सिलीच्या रेखाटनांवर भिस्त ठेवावी.

स्टुडिओत पहिले काम प्रमाण राखण्याचे. 8 × 10 इंचांचे चित्र 32 × 40 इंचांवर नेले की बाजू चौपट होतात, पण क्षेत्रफळ सोळापट. लहान चित्रात कपाशीच्या शेताला एक फटकारा पुरतो. मोठ्यात तेच शेत ओकेबोके दिसते. तिथे बांध, पायवाट, तुरीच्या ओळी यांची नव्याने मांडणी करावी लागते. त्यासाठी आधी कोळशाने दोन-तीन आराखडे करून पाहतात. मग छोट्या चित्रावर एक इंचाचे आणि कॅनव्हासवर चार इंचांचे चौकोन आखून आकार उतरवतात.

रंगवताना टर्पेन्टाइनने पातळ केलेल्या रंगात आधी उजेड आणि सावलीचे मोठे भाग मांडतात. वरच्या थरांत तेल वाढवत नेतात. वऱ्हाडात ज्याची चटणी होते त्या जवसाचेच हे तेल. ते उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. तेलकट थर खाली आणि कमी तेलाचा वर आला, तर पुढे चित्राला तडे जातात. महान गावच्या काटेपूर्णा जलाशयासारखे पाणी असेल, तर प्रतिबिंबात उजळ रंग किंचित गडद आणि गडद रंग किंचित उजळ ठेवतात.

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने 1821 साली ‘द हे वेन’ हे सुमारे सहा फुटी चित्र लंडनच्या स्टुडिओत पुरे केले. त्याआधी छोट्या स्थळचित्रांवरून त्याच मापाचे कच्चे तैलचित्रही त्याने करून पाहिले होते.

काम संपत आले की दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दहा पावलांवरून पाहावीत. छोट्यातला प्रहर मोठ्यातही ओळखू आला, तर चित्र साधले. नाहीतर बारकावे कमी करून पुन्हा सावल्यांकडे वळावे.